बेसची दांडी

माझ्या बेस गिटारच्या पेटीत टॅपेट सेट करायचं फीलर गेज असतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यामुळे पोलादाच्या त्या पातळ पात्यांवर माझा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुन्हा दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की, मी बेस मांडीवर घेतो. दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पकड, लावतो, बॉडीजवळच्या शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धरतो आणि मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यात एकेक पातं सरकवून बघतो. 0.30 मिलिमीटरचं पातं तारेला चाटून गेलं तर बेस ठीक आहे. 0.50 चं सहज शिरलं तर पावसानं दांडीला बाक आणला आहे. कुठलंच पातं शिरत नसेल तर दांडी मागे झुकली आहे आणि खालच्या फ्रेटवर तारा खडखडणार.

हा बेस 1966 सालचा. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस. दांडी बॉडीला चार लांब स्क्रूंनी बसवलेली असते. ते काढले की एरवी झाकून राहिलेल्या टोकावर कारखान्यातला शिक्का दिसतो, महिना आणि साल. 1991 मध्ये धोबीतलावला राहणाऱ्या एका निवृत्त गोवेकर वादकाकडून मी तो घेतला. ते प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये वाजवत आणि परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी तो विकत घेतला होता. मी त्यांना अंकल म्हणायचो. राजदूत मोटरसायकल विकली, वर चार हजार घातले आणि बेस घेऊन रात्रीच्या गाडीनं सांगलीला आलो. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. गिटारला सहा तारा असतात, याला चारच, आणि हा एकटा वाजवला तर गाणं ओळखूही येत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण ऑर्केस्ट्रात ढोलक आणि गाणारा यांच्यामधली जागा याच चार तारा भरतात. सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा. कानाइतकाच तो खुर्चीला टेकलेल्या पाठीला कळतो. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. आमच्या पिढीनं त्यांच्या चाली कॅसेट मागे-पुढे करून, स्पीकरच्या खोक्याला कान लावून उचलल्या. पडद्यावर ज्याचं नाव क्वचितच आलं अशा माणसाकडून आम्ही सगळे शिकलो, म्हणून ते इथे घ्यायलाच हवं.

हे वाद्य लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी बाजारात आणलं. ते रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. स्वतः गिटार वाजवत नसत. तोवर बँडमधला बेस म्हणजे माणसाएवढा उंच, उभा, विनापडद्यांचा लाकडी डबल बेस. त्याच्यावर सूर नेमका लागायला वर्षानुवर्षांची तालीम हवी. फेंडरनी त्याच सुरांचं वाद्य आडवं केलं, भरीव केलं आणि त्याला फ्रेट दिले. बोट फ्रेटच्या मागे पडलं की सूर बिनचूक, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी त्यांनी 34 इंच ठरवली, म्हणजे साधारण 864 मिलिमीटर. आज बहुतेक सगळे बेस त्याच मापाचे असतात.

या लांबीमुळेच दांडीचा प्रश्न सुरू होतो. तिला इंग्रजीत ‘नेक’ म्हणतात आणि आमच्याकडची मुलंही नेकच म्हणतात. माझं लहानपण मिरजेत मामाकडे गेलं, सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. तिथे तंबोऱ्याला आणि सतारीला दांडी असते, म्हणून माझ्या तोंडी दांडीच बसलं आहे. एका कारागिराच्या दुकानात मी तासन् तास उभा असायचो. ते दांडीचं लाकूड हातात घेऊन आधी लांबून एका डोळ्यानं बघत, मग बोटाच्या पेरानं ठोकत आणि मग बहुतेक वेळा पुन्हा कोपऱ्यात ठेवून देत. अजून वाळायचं आहे. हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की आता बेसची दांडी बघतानाही मला आधी तेच आठवतं.

बेसच्या चार तारा सुरात लावल्या की मिळून ऐंशी किलोच्या आसपास ताण दांडीवर येतो. साखरेचं एक पोतं पन्नास किलोचं. म्हणजे दीड पोत्याहून जास्त ओझं एका सडपातळ लाकडी पट्टीला रात्रंदिवस पुढच्या बाजूला ओढत असतं. माझ्या बेसला ते साठ वर्षं ओढतं आहे. दांडी टिकली कशी, हा प्रश्न मला आवाजाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

फेंडरनी दांडीसाठी हार्ड मेपल निवडलं, ज्याच्या रसाचा उत्तर अमेरिकेत पाक करतात तेच झाड. वाळलेल्या मेपलचं वजन घनमीटरला सुमारे 705 किलो. गिब्सन कंपनी आपल्या दांड्या महोगनीच्या करायची. ते सुमारे 590 किलोचं, हलकं आणि जरा जास्त लवणारं लाकूड. क्रीम बँडचे जॅक ब्रूस वाजवत तो गिब्सनचा ईबी-3 महोगनीचाच, पण त्याच्या तारा आखूड, साडेतीस इंची. आखूड तारेला तोच सूर द्यायला ताण कमी लागतो, म्हणून हलकं लाकूडही निभावून नेतं. गिब्सनचं डोकं मागे कललेलं असतं आणि त्या वाकणाशी लाकडाचे धागे आडवे तुटतात. उभं ठेवलेलं वाद्य पाठीवर पडलं की नेमकं तिथेच मोडतं. फेंडरचं डोकं सरळ पट्टीतून कापलेलं. माझा बेस मिरवणुकीच्या टेम्पोतून एकदा पडला आहे. खुंटी वाकली, दांडीला काही झालं नाही.

नुसत्या लाकडाच्या भरवशावर मात्र कोणी राहत नाही. दांडीच्या पोटात पोलादी सळई असते, ट्रस रॉड. ही कल्पना गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांची, 1920 च्या दशकातली. सळई सरळ खोबणीत नसते. खोबणी मधोमध खोल, म्हणजे दांडीच्या पाठीकडे झुकलेली असते. टोकाची नट आवळली की सळई सरळ व्हायला बघते आणि दांडीचं पोट पुढे ढकलते. तारा एकीकडे ओढतात, सळई दुसरीकडे रेटते आणि त्या दोघींच्या भांडणात दांडी जवळजवळ सरळ राहते. जवळजवळच, कारण कंप पावणारी तार मधोमध फुगते आणि तिला फिरायला जागा लागते. ती जागा म्हणजे माझं 0.30 चं पातं.

जुन्या फेंडरची नट दांडीच्या बॉडीकडच्या टोकाला, आत असते. तिला हात लावायचा तर तारा सैल करा, चार स्क्रू काढा, दांडी बाहेर घ्या, नट पाव आटा फिरवा, पुन्हा सगळं जोडा, सुरात लावा, दुसऱ्या दिवशी मोजा. दर वेळी स्क्रूची भोकं थोडी झिजतात. म्हणून मी मोजतो वर्षातून दोनदा, पण नट फिरवतो दोन-तीन वर्षांतून एकदा. बाकी फरक ब्रिजवरच्या सॅडलचे, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यांचे, बारीक स्क्रू वर-खाली करून काढतो.

दांडीच्या वर, बोटाखाली असते ती पट्टी म्हणजे फिंगरबोर्ड. 1951 ते 1959 पर्यंत प्रिसिजनची दांडी आणि फिंगरबोर्ड एकाच मेपलच्या तुकड्यातून निघत. सळई मागून घालून खाच अक्रोडाच्या काळपट पट्टीनं बुजवत, ती पाठीवर रेघेसारखी दिसते. 1959 पासून वर शिसवीची पट्टी आली. आधी तळाशी सपाट आणि जाड, 1962 नंतर पातळ आणि खालूनही गोलाईत बसवलेली. माझ्या बेसला ती पातळ पट्टी आहे, ब्राझीलच्या शिसवीची. ब्राझीलचं ते झाड इतकं तोडलं गेलं की 1992 मध्ये सायटीस करारानं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद केला. कारखाने त्याआधीच, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, आपल्याकडच्या शिसवीकडे वळले होते. आपल्या आज्यांचे पलंग, देव्हारे, पाट ज्या लाकडाचे, सह्याद्रीच्या आणि त्याखालच्या दक्षिणेच्या जंगलातलं तेच लाकूड समुद्र ओलांडून हजारो गिटारींवर बसलं. घनमीटरला सुमारे 830 किलो, घट्ट, अंगचं तेल असलेलं. म्हणून त्याला वरून लाख-पॉलिश लागत नाही.

मेपलच्या पट्टीचा आवाज खणखणीत, शिसवीचा गोड, असं सगळीकडे सांगतात. मीही पूर्वी सांगायचो. आता सांगत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका मित्राकडे मेपलच्या पट्टीचा सत्तरच्या दशकातला प्रिसिजन होता आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा उघडा यायचा. एका रविवारी आम्ही दोघांनी बसून तारा अदलाबदल केल्या. माझ्या घासलेल्या, जुन्या तारा त्याच्या बेसवर. त्याच्या आठ दिवसांच्या तारा माझ्यावर. उघडा आवाज तारांबरोबर माझ्याकडे चालत आला. त्या दिवसापासून मी लाकडाच्या गोडव्यावर वाद घालणं सोडलं.

यामागचं कारण साधं आहे आणि समजून घेण्यासारखं आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार हलली की गुंडाळीत वीज उपजते आणि तीच पुढे स्पीकरपर्यंत जाते. लाकडाचा आवाज पिकअपला ऐकू येतच नाही. त्याला फक्त तारेची हालचाल कळते. तंबोऱ्याचा भोपळा आवाज हवेत टाकतो, तो आवाज वाढवतो. बेसची दांडी तसं काही करत नाही. ती तारेचं एक टोक धरून उभी असते आणि धरता धरता तारेची थोडी शक्ती खाते. कडक, निरोगी दांडी कमी खाते. ढिली, ओली, स्क्रू सैल असलेली जास्त खाते. दांडी वाद्याला आवाज देते असं म्हणण्यापेक्षा ती किती घेते ते बघावं, हे मला वर्कशॉपमध्ये इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट बघून सुचलं असेल, पण बेसलाही ते लागू पडतं.

आणि ती सगळ्या सुरांकडून सारखं घेत नाही. हा भाग मला फार आवडतो. जुन्या फेंडर बेसवर सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान, एक सूर असतो जो वाजतो आणि लगेच विझतो. शेजारचा सूर पाच-सहा सेकंद चालतो, हा दोनात संपतो. वादक त्याला डेड स्पॉट म्हणतात. दांडीला स्वतःची एक डुलण्याची गती असते, झोपाळ्यासारखी. तारेचा सूर त्या गतीशी जुळला की तारेतली शक्ती दांडी डोलवण्यात खर्च होते. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी गिटारींच्या आणि बेसच्या दांड्यांची कंपनं मोजून हे दाखवून दिलं. दांडी जिथे सहज हलते, तिथला सूर लवकर मरतो. माझ्या बेसवर तो सहाव्या फ्रेटवरचा सी शार्प. तो कुठल्याही तारांनी, कुठल्याही साफसफाईनं गेला नाही. डोक्याला पितळी वजन अडकवलं की तो बाजूला सरकतो, कारण झोपाळा जड झाला की गती बदलते. मी वजन लावत नाही. तो सूर लांबवायचा असेल तेव्हा शेजारच्या तारेवर, अकराव्या फ्रेटवर घेतो. अंकलनी बेस हातात देताना पहिल्यांदा तो सूर वाजवून दाखवला होता. मला वाटलं खोट सांगत आहेत. ते ओळख करून देत होते.

आता तारांकडे येतो, कारण माझ्या मते जुन्या बेसच्या आवाजाचा मोठा हिस्सा तिथेच आहे. बेसची तार म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली. गुंडाळायची तार गोल असेल तर पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यांसारखा खडबडीत राहतो. हा राउंडवाउंड. गुंडाळायला चपटी पट्टी वापरली तर पृष्ठभाग गुळगुळीत. हा फ्लॅटवाउंड. 1951 मध्ये बेस निघाला तेव्हा तारा फ्लॅटवाउंडच होत्या. डबल बेसच्या आवाजाच्या जवळ जाणारा दबलेला, गोल आवाज लोकांना हवा होता. राउंडवाउंड साठच्या दशकात इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीनं पुढे आणल्या. द हू या बँडचे जॉन एंटविसल यांनी 1966 मध्ये त्यांच्याबरोबर बसून आपल्याला हव्या तशा, पियानोसारख्या झणझणीत वाजणाऱ्या तारा करून घेतल्या. एकाच वाद्याचे दोन स्वभाव तिथून सुरू झाले.

फ्लॅटवाउंडचं नाव निघालं की जेम्स जेमरसन यांच्यापाशी थांबायलाच हवं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर त्यांचा बेस आहे. वाद्य 1962 चा प्रिसिजन. तारा ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड, सगळ्यात जाड तार 0.110 इंच, म्हणजे सुमारे 2.8 मिलिमीटर. तार तुटल्याशिवाय ते बदलत नसत. तारा फ्रेटपासून बऱ्याच उंच आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, सूर लांबू नये म्हणून. उजव्या हाताचं एकच बोट. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर हे वाद्य बिघडलेलं होतं. पण ऐकलं की कळतं, की त्या मेलेल्या तारा, तो फोम आणि ते बोट यांनी मिळून आवाजाला आकार दिला होता: आधी ठोका, मग थोडा सूर, मग लगेच शांतता. पुढच्या ठोक्याला जागा मोकळी. 1983 मध्ये ते वारले. त्याच्या थोडं आधी तो बेस चोरीला गेला.

दुसऱ्या टोकाला जॅको पास्टोरियस. त्यांनी फेंडरच्याच 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले, खाचा बुजवल्या आणि वर राउंडवाउंड तारा लावल्या. फ्रेटच नाहीत, त्यामुळे तार थेट शिसवीवर टेकते आणि वाजताना लाकडाला किंचित चाटत राहते. सूर सुरू झाल्यावर उमलत जातो. 1976 ची त्यांची पहिली तबकडी मी 1988 मध्ये पुण्यात एकाच्या घरी ऐकली आणि मला थेट मिरज आठवली. हा तर जवारीचा आवाज! तंबोऱ्याच्या घोडीवर तार चाटत राहावी म्हणून कारागीर ती घोडी तासन् तास घासतो, तारेखालचा सुताचा धागा, म्हणजे जीव, मागे-पुढे सरकवतो. अमेरिकेतल्या त्या तरुणानं वेगळ्या वाटेनं तसाच चाटणारा सूर शोधला होता. खडबडीत तारा लाकूड खातात, म्हणून त्यांनी फिंगरबोर्डवर बोटींना लावतात त्या एपॉक्सीचा थर चढवला. आवाज हवा असेल तर त्याची झीजही सांभाळावी लागते.

फ्रेट असलेल्या बेसवर ती झीज फ्रेटवर येते. फ्रेटचा धातू म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, ज्याची ताटं-वाट्या घरोघर होती. तांबं, जस्त आणि निकेल, चांदी नावालाच. स्टेनलेस स्टीलच्या तारा त्याच्यापेक्षा कडक, त्या फ्रेटला खाच पाडतात. निकेल चढवलेल्या तारा मऊ. जुन्या बेसवर नवीन मुलं स्टेनलेसच्या राउंडवाउंड लावतात तेव्हा मी त्यांना हात जोडून सांगतो, असल्या तारा नव्या बेसवर लावा. 1966 चे मूळ फ्रेट पुन्हा मिळत नाहीत.

तार मरते म्हणजे काय, हेही सांगतो. राउंडवाउंडच्या आट्यांमध्ये घाम, कातडीची भुकटी, धूळ साचते. तार जागोजागी कमी-जास्त जड होते आणि आटे एकमेकांवर घासून वरचे सूर गिळतात. नव्वदच्या दशकात परदेशी तारांचा संच म्हणजे माझ्या पगाराचा मोठा घास होता. आम्ही तारा पातेल्यात पाण्यात उकळायचो. वर काळा तवंग यायचा, तारा पुसून लगेच उन्हात वाळवायच्या, नाहीतर गाभा गंजतो. चार-सहा कार्यक्रम झणझणीत निघायचे. ते पातेलं बायकोनं मला कायमचं देऊन टाकलं. 2003 नंतर मी फ्लॅटवाउंडवर आलो. सध्याचा संच अकरा वर्षांचा आहे आणि आता कुठे मनासारखा बोलायला लागला आहे.

मात्र जाड फ्लॅटवाउंड चढवल्या की ताण वाढतो आणि दांडी पुढे येते. हलक्या तारांवर सेट केलेली सळई मग अपुरी पडते. तारांची जात बदलली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजलंच पाहिजे. लाकूड लगेच उत्तर देत नाही.

सांभाळण्यात माझ्या हातून चुका झाल्या आणि एक दुसऱ्याच्या हातून. माझी चूक स्टँडची. रबरी नळी बसवलेल्या लोखंडी स्टँडवर मी बेस सहा महिने ठेवला. जुन्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असतं आणि काही प्रकारच्या रबराशी त्याचं जमत नाही, ते मऊ पडून चिकटतं. दांडीच्या पाठीवर अंगठ्याएवढा डाग कायम राहिला. आता स्टँडला जुनं सुती धोतर गुंडाळलं आहे. दुसरी गोष्ट 1996 ची. एका मोठ्या शहरातल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे फ्रेट घासायला दिला. त्यानं दांडी काढली आणि तिच्या खाली, बॉडीच्या खाचेत असलेली पुठ्ठ्याची चिंधी कचरा समजून फेकली. ती कारखान्यातच घातलेली पाचर होती, दांडीचा कोन ठरवणारी. वरून त्यानं पातळ शिसवीची पट्टी एका बाजूनं पॉलिश पेपरनं ‘साफ’ करून दिली. शिसवीचं गेलेलं लाकूड परत येत नाही. पाचर मी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची केली, तिसऱ्या प्रयत्नात जमली. जुन्या वाद्यात जे कचऱ्यासारखं दिसतं ते फेकण्याआधी एका डबीत ठेवावं, एवढी विनंती मी प्रत्येक कारागिराला करतो.

एक कचरा मात्र खरंच काढावा लागतो. ब्रिजच्या झाकणाखालचा फोम. काही दशकांनी तो डांबरासारखा चिकट होतो, ओल धरतो आणि खालचे सॅडलचे स्क्रू गंजवतो. माझ्या बेसचे दोन स्क्रू असेच जाम झाले होते. भेदक तेलाचा एकेक थेंब, आठ दिवस वाट आणि मग योग्य मापाची ॲलन की. घाई केली असती तर डोकं गेलं असतं. बाकी रोजचं काम सुती फडक्याचं: वाजवून झालं की तारा, फ्रेट, दांडीची पाठ पुसायची. शिसवीच्या पट्टीला वर्षातून एकदा मिनरल ऑइलचे दोन थेंब, लगेच पुसून. खोबरेल नको, ते धूळ धरतं. लॅकर असलेल्या मेपलला तेल लागतच नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. बेस पेटीत घालून माळ्यावर सर्वांत वर ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. आठवड्यानं परतलो तेव्हा खालच्या खोल्यांत गुडघाभर गाळ होता. माळ्यापर्यंत पाणी पोचलं नव्हतं, पण पेटीला बुरशीची पांढरी लव आली होती. वीज नव्हती, भिंती पाझरत होत्या. लाकूड भिजायला पाण्यात पडावं लागत नाही. हवेतली आर्द्रता 45 टक्के असेल तर लाकूड स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी धरून असतं, 80 टक्के झाली की सोळाच्या आसपास. ओलं लाकूड जडही होतं आणि लवचीकही. गेजमधलं सर्वांत जाड, एक मिलिमीटरचं पातं तारेखालून अलगद निघून गेलं. आणि बारीक तारेवर मरणारा सूर सहाव्या फ्रेटवर नव्हताच. तो पाचव्यावर आला होता, सी वर. झोपाळा जड झाला होता.

मी नट आवळायला पान्हा उचलला आणि ठेवून दिला. मिरजेला गेलो. ते जुने कारागीर आता नाहीत, त्यांच्या मुलाच्या हातात दुकान आहे. त्यांच्या वडिलांना म्हणायचो तसं मी त्यांनाही चाचाच म्हणतो. त्यांनी दांडी बघितली नाही, फक्त ऐकून घेतलं आणि सांगितलं की ऊन नको, पंखा नको, हीटर तर नकोच. तारा निम्म्या सैल करा, कोरड्या गावी नेऊन आडवी ठेवा आणि तिच्याकडे बघू नका. ओल्या दांडीला सळईनं सरळ केलं असतं तर वाळल्यावर ती उलट्या बाजूला गेली असती, हे मला नंतर बसून विचार केल्यावर कळलं.

विट्याला माझी बहीण राहते. तो भाग पावसासाठी तरसणारा. तिच्या वरच्या खोलीत, कपाटावर, चादर अंथरून बेस ठेवला. त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरातही थांबला नाही, त्यामुळे वाट बघणं लांबलं. ती मला फोनवर घर सावरण्याचं विचारायची आणि शेवटी न विसरता सांगायची, तुझं ते लाकूड वाळतंय रे.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी गेलो. तारा हळूहळू, दोन दिवसांत सुरात आणल्या. कॅपो लावला, गेज काढलं. 0.40 चं पातं चाटून गेलं. सळईला हात लावायची गरज उरली नव्हती. मग बहिणीच्या मुलाच्या छोट्या अँप्लिफायरला वायर जोडली आणि बारीक तारेवर एकेक फ्रेट वर चढत गेलो. पाचवा, सी, लांब चालला. सहाव्यावर बोट ठेवलं. सी शार्प वाजला आणि दोन सेकंदांत विझला.

बहिणीनं विचारलं, बिघडलंय का अजून? मी तोच सूर पुन्हा वाजवला.